मत्स्यटाकीत खरोखर किती लिटर पाणी आहे, हे कसे काढावे

टाकीच्या खोक्यावर छापलेला लिटरचा आकडा बहुधा काचेच्या बाहेरच्या मापांचा गुणाकार असतो. त्यात काचेची जाडी, वरची रिकामी ठेवलेली जागा, तळाची वाळू, दगड आणि लाकूड यांपैकी कशाचाही हिशेब नसतो. औषध, खत, मीठ किंवा क्लोरीन काढणारे द्रावण यांची मात्रा मात्र प्रत्यक्ष पाण्यावर ठरते, आणि सजवलेल्या टाकीत तो छापील आकडा प्रत्यक्षापेक्षा पाचव्या हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक फुगलेला असू शकतो. या लेखात एकच टाकी उदाहरणासाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतली आहे, म्हणजे प्रत्येक पायरीला आकडा कितीने उतरतो हे दिसत राहील. बाहेरून ९० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच आणि काच ८ मिलिमीटर जाडीची, अशी ही टाकी आहे. बाहेरच्या मापांनी तिचे घनफळ १८२.२५ लिटर येते.

एककांविषयी प्रारंभीच सांगितलेले बरे. सेंटीमीटरमध्ये मापे घेऊन त्यांचा गुणाकार १००० ने भागला की लिटर मिळतात. इंचात मोजण्याची सवय असेल तर गुणाकार ६१.०२ ने भागावा. परदेशी बाटलीवर मात्रा गॅलनमध्ये दिली असेल, तर तो अमेरिकी गॅलन आहे की ब्रिटिश, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये; अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश ४.५४६ लिटरचा असल्याने केवळ एवढ्या गोंधळानेच मात्रेत २० टक्क्यांची तफावत पडते.

पाण्याची पातळी निश्चित करणे

मोजमाप सुरू करण्यापूर्वी टाकीत पाणी नेहमी कुठवर असते ते ठरवावे आणि तिथे मागच्या किंवा बाजूच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीची बारीक खूण करावी. पातळी सांगितल्याशिवाय ‘टाकीत अमुक लिटर पाणी आहे’ या विधानाला अर्थ राहत नाही. आपल्या उदाहरणातल्या टाकीत पातळी १ सेंटीमीटरने खाली गेली, तर जवळजवळ ३.८ लिटर पाणी कमी होते, आणि बाष्पीभवनाने एवढी घट काही दिवसांत सहज होते. बाष्पीभवनात पाणी जाते, पण त्यात विरघळलेले क्षार आणि औषध मागेच राहतात. म्हणून मात्रा देण्यापूर्वी खुणेपर्यंत पाणी भरून घ्यावे, आणि नंतर गणित करावे.

आतली मापे

लांबी आणि रुंदी शक्यतो काचेच्या आतून मोजावी. टाकी भरलेली असल्यास बाहेरची मापे घेऊन प्रत्येकातून काचेची दुप्पट जाडी वजा करावी. काचेची जाडी वरच्या कडेवर पट्टी ठेवून दिसते. कडेवर प्लॅस्टिकची चौकट असेल तर ती आड येते, आणि अशा वेळी टाकी बनवणाऱ्याकडून जाडी विचारून घेणे हा सोपा उपाय होय. उंचीच्या बाबतीत तळाच्या काचेची जाडी एकदाच वजा होते. काही टाक्यांत तळाची काच चौकटीने झाकलेली आणि जमिनीपासून किंचित उचललेली असते. तिथे बाहेरची उंची फसवते, म्हणून आतून काठी किंवा पट्टी तळापर्यंत टेकवून उंची घ्यावी.

आपल्या टाकीची आतली लांबी ८८.४ आणि रुंदी ४३.४ सेंटीमीटर भरते. दोहोंचा गुणाकार ३८३६.५६ चौरस सेंटीमीटर आहे. याचा दुसरा अर्थ असा की मोकळ्या भागात पाण्याच्या प्रत्येक सेंटीमीटर उंचीमागे ३.८४ लिटर पाणी असते. हा आकडा वेगळा लिहून ठेवावा, कारण पुढे पाणी बदलताना तो एकूण घनफळापेक्षाही जास्त वेळा कामाला येतो. आतली पूर्ण उंची ४४.२ सेंटीमीटर असून त्यानुसार काठोकाठ भरलेली टाकी १६९.६ लिटरची ठरते. पाणी काठाच्या ३ सेंटीमीटर खाली ठेवत असल्यास पाण्याची उंची ४१.२ सेंटीमीटर होते आणि घनफळ १५८.१ लिटरवर येते. अजून एकही दगड मध्ये आलेला नाही, तरी छापील आकड्यातून २४ लिटर गेले.

मोजपट्टी कितपत काळजीने धरावी, याचाही अंदाज इथे घेता येतो. रुंदीत अर्ध्या सेंटीमीटरची चूक झाली तर घनफळात सुमारे १.२ टक्के फरक पडतो. पाण्याच्या उंचीत १ सेंटीमीटरची चूक झाली तर २.४ टक्के. मिलिमीटरपर्यंत मोजावे आणि त्यापुढच्या अचूकतेच्या मागे लागू नये. सिलिकॉनच्या सांध्यांनी किंवा पाण्याच्या दाबाने काच किंचित फुगल्याने पडणारा फरक सोडून देण्याजोगा असतो.

टाकी आयताकृती नसेल तर

बाजू उभ्या आणि समांतर असतील, तर आकार कोणताही असो, तळाचे आतले क्षेत्रफळ काढून त्याला पाण्याच्या उंचीने गुणावे. गोल नळकांड्यासारख्या टाकीचा परीघ बाहेरून टेपने मोजून ३.१४१६ ने भागल्यास बाहेरचा व्यास मिळतो. त्यातून काचेची दुप्पट जाडी वजा करून अर्धे केल्यावर आतली त्रिज्या हाती येते, आणि तिचा वर्ग ३.१४१६ ने गुणला की क्षेत्रफळ. समान बाजूंच्या षट्कोनी टाकीत समोरासमोरच्या दोन काचांमधले आतले अंतर घेऊन त्याचा वर्ग करावा आणि ०.८६६ ने गुणावे. कोपऱ्यात बसणाऱ्या, पुढून चतुर्थ वर्तुळाच्या आकाराच्या टाकीत त्रिज्येचा वर्ग ०.७८५४ ने गुणावा.

पुढची काच बाहेरच्या बाजूला फुगीर असणाऱ्या टाकीचे गणित अनेकांना अवघड वाटते, पण ते नाही. आधी बाजूच्या रुंदीने सरळ आयत धरावा, मग मधोमध फुगवटा किती आहे ते मोजून लांबी × फुगवटा यांचा दोन तृतीयांश त्यात मिळवावा. आतून ९० सेंटीमीटर लांब, बाजूला ३८ आणि मध्यभागी ४६ सेंटीमीटर रुंद अशा टाकीत आयताचे ३४२० आणि फुगवट्याचे ४८० मिळून ३९०० चौरस सेंटीमीटर होतात. वर्तुळखंडाचे काटेकोर सूत्र वापरले तर ४८० ऐवजी ४८३ येतात, म्हणजे फरक नगण्य आहे.

गोल भांडे, घंटेच्या आकाराची बरणी, निमुळत्या बाजूंची टाकी यांच्या बाबतीत सूत्रांच्या नादी लागू नये. ती मोजलेल्या पाण्याने भरून पाहावी.

वाळू आणि खडी

सर्वांत मोठी चूक इथे होते, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. काही जण वाळूचा थर हिशेबात घेतच नाहीत, तर काही जण थराची सगळी उंची वजा करतात. वास्तविक खड्यांच्या फटींत पाणी असतेच, आणि तेही टाकीच्या पाण्याचाच भाग आहे. साध्या खडीच्या थरात सुमारे ४० टक्के जागा फटींची असते, हा अंदाज बऱ्याच ठिकाणी चालतो. पण तुमच्या खडीचा खरा आकडा काढायला दहा मिनिटे पुरतात, मग अंदाजावर का राहावे? १ लिटरच्या खुणेपर्यंत भांड्यात कोरडी खडी भरावी, भांडे दोन-चारदा टेबलावर हलके आपटून ती बसू द्यावी, कमी पडल्यास पुन्हा खुणेपर्यंत भरावी आणि मग मोजलेले पाणी कडेने सावकाश ओतत खडीच्या पृष्ठभागापर्यंत आणावे. ४०० मिलिलिटर पाणी मावले तर घन भाग ६०० मिलिलिटर आहे. बुडबुडे अडकले तर पाणी कमी मावते, म्हणून मधूनमधून भांडे हलवावे.

टाकीतल्या थराची उंची सगळीकडे सारखी नसते. पुढे ३ आणि मागे ७ सेंटीमीटर असा एकसारखा उतार असल्यास सरासरी ५ धरावी. उंचवटे वेडेवाकडे असतील तर काचेलगत आठ-दहा ठिकाणी मोजून सरासरी काढावी. आपल्या टाकीत ५ सेंटीमीटरचा थर १९.२ लिटर जागा घेतो, आणि त्याच्या ६० टक्के, म्हणजे ११.५ लिटर, एवढीच वजाबाकी करायची आहे.

पडताळणीची दुसरी वाट वजनाची आहे. क्वार्ट्झच्या वाळूची किंवा खडीची घनता दर घन सेंटीमीटरला २.६५ ग्रॅम असल्याने अशी १ किलो कोरडी वाळू ०.३७७ लिटर पाणी बाजूला सारते. टाकीत ३० किलो वाळू घातल्याचे पिशव्यांवरून आठवत असेल, तर ११.३ लिटर, आणि हे वरच्या आकड्याशी जुळते. मात्र ही वाट भाजलेल्या मातीच्या दाण्यांना, लाव्हाच्या खड्यांना किंवा प्रवाळाच्या तुकड्यांना लागू पडत नाही. त्यांच्या दाण्यांच्या आतही पोकळ्या असतात. त्यांना आधी दिवसभर भिजवून, पाणी निथळून, मग भांड्याची चाचणी करावी.

दगड, लाकूड आणि इतर वस्तू

दगडाचे घनफळ काढण्याची सर्वांत स्वच्छ पद्धत हेलकावणाऱ्या बादलीची नसून ताणकाट्याची आहे. दगड दोरीने बांधून काट्याला टांगावा आणि वजन पाहावे. मग तो तसाच टांगलेला ठेवून, तळाला किंवा कडेला न टेकवता, पाण्यात पूर्ण बुडवावा आणि पुन्हा वजन पाहावे. किलोग्रॅममधला फरक हाच लिटरमधला आकार. १२ किलोचा दगड पाण्यात ७.४ किलोचा भरला, तर त्याने ४.६ लिटर जागा घेतली आहे. सच्छिद्र दगड आधी भिजवून घ्यावा, आणि गुहेसारखी पोकळी असल्यास बुडवताना तिरका करून आतली हवा बाहेर काढावी, कारण त्या पोकळीत टाकीतही पाणीच राहणार आहे. दगड टाकीत पक्के बसवलेले असतील आणि काढणे शक्य नसेल, तर घट्ट, जड दगडांसाठी घनता २.६ धरून अंदाजे वजनाला भाग द्यावा.

तरंगणाऱ्या लाकडासाठी हा काटा निरुपयोगी आहे. काठोकाठ भरलेली बादली परातीत ठेवावी, लाकूड बारीक सळईने पाण्याखाली दाबावे आणि परातीत सांडलेले पाणी मोजावे. उदाहरणात लाकडासाठी २ लिटर धरू.

हीटर, थर्मामीटर, हवेची नळी यांचा हिशेब सोडून दिला तरी बिघडत नाही. माशांचाही. माशाची घनता पाण्याच्या जवळपास असते, त्यामुळे टाकीत एकूण अर्धा किलो मासे असले तरी ते अर्ध्या लिटरच्या आसपासच जागा घेतात. पाठीमागे लावलेल्या फोमच्या नक्षीदार पाठभिंतीकडे मात्र दुर्लक्ष करू नये. ८८ × ४१ सेंटीमीटरची पाठभिंत सरासरी ३ सेंटीमीटर जाड असली तर ती एकटीच जवळपास ११ लिटर गिळते. तिच्या मागे पाणी खेळत असेल तर ते वजा करायचे नाही, ती काचेला पूर्ण चिकटवलेली असेल तर फक्त तिची स्वतःची जाडी धरायची. आपल्या टाकीत पाठभिंत नाही. १५८.१ मधून ११.५, ४.६ आणि २ वजा केल्यावर १४० लिटर उरतात.

टाकीबाहेरचे पाणी

कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवलेला बंद डब्याचा फिल्टर, असल्यास त्यातले पाणी जमेला धरावे. फिल्टरच्या खोक्यावरची क्षमता आतल्या स्पंज आणि दगडी माध्यमांसकट सांगितलेली असू शकते, म्हणून पुढच्या सफाईच्या वेळी फिल्टर मोजलेल्या बादलीत रिकामा करून प्रत्यक्ष किती पाणी निघते ते पाहावे. नळ्यांचा हिशेब सोपा आहे: १६ मिलिमीटर आतल्या व्यासाची ३ मीटर नळी ०.६ लिटर पाणी धरते. फिल्टरमधून ४.४ लिटर निघाले असे धरल्यास आपली एकूण बेरीज १४५ लिटर होते.

सम्प, म्हणजे मुख्य टाकीच्या खाली नळ्यांनी जोडलेली दुसरी टाकी, असेल तर एक चूक वारंवार होते, आणि ती कागदावर सहज लक्षात येत नाही. पंप चालू असताना मुख्य टाकीची पातळी वर असते आणि सम्पमधली खाली. पंप बंद झाला की नळ्यांतले आणि टाकीच्या वरच्या थरातले पाणी सम्पमध्ये उतरते. मुख्य टाकी पंप चालू असताना मोजली आणि सम्प बंद असताना मोजला, तर तेच उतरलेले पाणी दोनदा धरले जाते. दोन्ही मापे एकाच अवस्थेत घ्यावीत. चालू अवस्था निवडल्यास नळ्यांतले पाणी वेगळे मिळवावे, आणि सम्पच्या प्रत्येक कप्प्याची पातळी वेगळी असल्याने कप्पे एकेक करून मोजावेत.

पडताळणी: वजन केलेली बादली

नवी टाकी पहिल्यांदा भरत असाल तर वरचे सगळे गणित बाजूला ठेवून, मोजून पाणी भरणे हा राजमार्ग आहे. वाळू, दगड, लाकूड आणि फिल्टर आधी जागेवर बसवावेत आणि मग खुणेपर्यंत किती पाणी लागले ते लिहावे. बादलीवरच्या खुणांवर विश्वास ठेवू नये. बादली रिकामी आणि भरलेली तोलावी. १ लिटर पाण्याचे वजन २० अंश सेल्सिअसला ९९८ ग्रॅम आणि ३० अंशांना ९९६ ग्रॅम असते, त्यामुळे १ किलो म्हणजे १ लिटर धरण्यात अर्धा टक्काही चूक नाही. नळीने थेट भरत असल्यास पाणीमीटरचे आधीचे आणि नंतरचे वाचन घ्यावे, मात्र त्या वेळी घरातले इतर नळ बंद हवेत. नळाचा वेग घड्याळावर मोजून वेळेने गुणणे ही तिसरी, कमी भरवशाची पद्धत होय. वापरायचीच झाली तर सुरुवातीला आणि शेवटी दोनदा वेग मोजून सरासरी घ्यावी, कारण भरत असताना दाब बदलतो.

चालू टाकीतही ही पडताळणी अंशतः करता येते. पाणी बदलताना ३० लिटर तोलून काढावे आणि पातळी किती उतरली ते मोजावे. ८ सेंटीमीटर उतरली असेल तर भूमितीनुसार ३०.७ लिटर निघायला हवे होते, ०.७ लिटरची तूट ही त्या पट्ट्यातल्या लाकडाने आणि दगडाने घेतलेली जागा आहे. तूट फार मोठी किंवा उलट्या दिशेची आली, तर लांबी-रुंदी पुन्हा मोजावी.

पडताळणी: मीठ आणि विद्युतवाहकता

आधीच लावलेल्या, न उपसता येणाऱ्या गोड्या पाण्याच्या टाकीसाठी मला ही पद्धत सर्वांत भरवशाची वाटते, कारण ती दगडांचा आकार, फटी, फिल्टर, नळ्या या साऱ्यांचा हिशेब आपोआप करते. लागणाऱ्या वस्तू तीन: विद्युतवाहकता (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते) मोजणारा मीटर, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा आणि इतर काही न मिसळलेले कोरडे मीठ.

टाकीच्या पाण्याची वाहकता प्रथम मोजावी. समजा ती ३१० मायक्रोसीमेन्स आली. मग टाकीतले १० किलो पाणी बादलीत घेऊन त्यात १.०० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवावे आणि पुन्हा मोजावे. वाचन ५१० आले, तर लिटरला ०.१ ग्रॅम मिठाने तुमच्या मीटरवर २०० ची वाढ होते, हे प्रमाण मिळाले. या पायरीमुळे मीटरची स्वतःची चूक आणि निरनिराळ्या मीटरमधले रूपांतराचे गुणांक दोन्ही बाजूंना सारखे लागून रद्द होतात, म्हणून टीडीएस मीटरही (वाहकतेवरून विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण दाखवणारा) चालतो; मात्र दोन्ही वाचने त्याच मीटरवर आणि त्याच तापमानाला घ्यावीत. आता बादलीतले पाणी टाकीत परत ओतावे आणि आणखी १४.०० ग्रॅम मीठ वेगळ्या भांड्यात टाकीच्याच पाण्यात विरघळवून प्रवाहाजवळ हळूहळू सोडावे. टाकीत एकूण १५ ग्रॅम मीठ गेले. फिल्टर चालू ठेवून रात्र जाऊ द्यावी, कारण वाळूच्या फटींतल्या पाण्यात मीठ पसरायला वेळ लागतो आणि घाईने घेतलेले वाचन पाणी कमी असल्याचे दाखवते. सकाळी खुणेपर्यंत पातळी आहे ना, ते पाहून मोजावे. वाचन ५१९ आले तर वाढ २०९ ची, म्हणजे लिटरला ०.१०४५ ग्रॅम, १५ ला त्याने भागल्यावर १४३.५ लिटर येतात. गणिताने आलेल्या १४५ पासून हे एक टक्क्यावर आहे, आणि याहून जास्त जुळण्याची अपेक्षा धरू नये.

लिटरला ०.१ ग्रॅम मीठ फार थोडे असते आणि पुढच्या पाणीबदलांत ते निघून जाते. समुद्री टाकीत मुळातच इतके मीठ असते की ही वाढ मीटरला दिसणारच नाही. तिथे ही पद्धत वापरता येत नाही. नुकतीच घातलेली, क्षार शोषणारी किंवा सोडणारी माती तळाशी असेल, तरी वाचन भरकटते.

कोणत्या कामाला कोणता आकडा

औषध, खत आणि क्षार यांच्या मात्रेसाठी १४५ हाच आकडा. नायट्रेट लिटरमागे ५ मिलिग्रॅमने वाढवायचे असेल तर ७२५ मिलिग्रॅम नायट्रेट लागते. पोटॅशियम नायट्रेटमध्ये ते ६१.३ टक्के असल्याने १.१८ ग्रॅम क्षार पुरतो. १८२.२५ लिटर धरले असते तर १.४९ ग्रॅम गेला असता. खताच्या बाबतीत हा फरक पाणीबदलात निभावून जातो, तांब्याच्या औषधात निभावत नाही. समुद्री माशांसाठी आयनरूप तांब्याची उपचारमात्रा लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढ्या अरुंद पट्ट्यात असते. असा उपचार वाळू-दगड नसलेल्या विलगीकरण टाकीत (आजारी मासे वेगळे ठेवण्याच्या टाकीत) करतात, म्हणून तिथे १५८.१ हा मधला आकडा लागू होतो; छापील मापाने ०.२० ची मात्रा दिली तर ती ०.२३ होते. तांब्याची पातळी चाचणी संचाने मोजणे तरीही आवश्यकच आहे.

क्लोरीन काढणारे द्रावण बादलीत मिसळत असाल तर बादलीच्या पाण्यापुरते, आणि नळाचे पाणी थेट टाकीत सोडत असाल तर बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे बहुधा संपूर्ण टाकीच्या पाण्यासाठी घ्यावे लागते. पाव पाणी बदलायचे म्हणजे ३६ लिटर काढायचे. उंचीचा चौथा भाग उतरवला तर थोडे जास्त निघते, कारण तळाच्या थरात वाळूमुळे पाणी कमी आहे.

स्टँडसाठी मात्र यातला कोणताच आकडा चालत नाही. तिथे टाकीतले १४० किलो पाणी, ३० किलो वाळू, १२ किलो दगड, २ किलो लाकूड आणि काचेचे स्वतःचे वजन मिळवायचे असते. काच प्रत्येक चौरस मीटरला, प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे, २.५ किलो भरते, त्यामुळे या टाकीची काच ३२ किलोच्या आसपास आहे. एकूण भार सुमारे २१६ किलो झाला, आणि टाकी काठापर्यंत भरण्याची शक्यता धरून त्यात आणखी ११.५ किलो मिळवावेत.

काढलेला आकडा, त्याची पाण्याची पातळी, सेंटीमीटरमागचे लिटर आणि मोजणीची तारीख टाकीच्या कपाटाच्या दाराच्या आत चिकटवून ठेवावी. दगडांची मांडणी बदलली, वाळू वाढवली किंवा फिल्टर बदलला, तर फक्त तेवढी ओळ खोडून नवी लिहावी. काचेची मापे पुन्हा घेण्याचे कारण उरत नाही.